आधी सांगून फसवणारा माणूस

माझ्या आईच्या दोन पाटल्या एका नारळामुळे गेल्या.

१९९७ सालची गोष्ट. ताथवडे तेव्हा गावच होतं. नरसिंहाचं देऊळ, वळूमाता प्रक्षेत्राची लांबच लांब सरकारी जमीन, अधेमधे ऊस, आणि रात्री आठनंतर शुकशुकाट. आज जिथे कॉलेजं आणि टॉवर उभे आहेत, तिथे आम्ही क्रिकेट खेळायचो. त्या वर्षी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात उचलेना. कंपनीतली नोकरी गेल्यात जमा होती. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, रोज व्यायाम करून घ्या. पण ‘वेळ लागेल’ हे ऐकून घ्यायला घरात कुणी तयार नव्हतं. मग नात्यातल्या कुणीतरी एका महाराजांचं नाव सुचवलं.

महाराज घरी आले. पाटावर नारळ ठेवला. “माउली, घरात करणी आहे की नाही हे मी सांगणार नाही. नारळ सांगेल,” असं म्हणून त्यांनी तांब्यातलं पाणी नारळावर शिंपडलं. आणि नारळाने पेट घेतला. पाण्याने! मी अकरा वर्षांचा होतो. तेव्हा अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो. “तीन महिन्यांत हात उचलतील,” महाराज म्हणाले. आईने त्याच संध्याकाळी पाटल्या काढून दिल्या.

दादांचा हात सव्वा वर्षाने, व्यायामानेच, थोडाफार चालू लागला. महाराज पुन्हा दिसले नाहीत.

दोन वर्षांनी आमच्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचे एक कार्यकर्ते आले. त्यांनी टेबलावर नारळ ठेवला, हातात तांब्या घेतला, पाणी शिंपडलं. भडका! मग हसून म्हणाले, “शेंडीत सोडियमचा तुकडा लपवलाय, मुलांनो. त्याला पाणी लागलं की तो पेटतो.” सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. माझे हात उचलले नाहीत. घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचं थापणं थांबलं नाही. एवढंच म्हणाली, “बरं.”

त्या ‘बरं’चा अर्थ कळायला मला वीसहून जास्त वर्षं लागली. आणि तो कळला एका जादूगारामुळे, ज्याला मी कधीही पाहिलेलं नाही.

आंबेठाण चौक

मी चाकण एमआयडीसीत क्वालिटीला आहे. कंपनीची बस सकाळी ताथवड्यातून उचलते आणि चाकणला सोडते. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको, की अंतर हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे. एक कंटेनर आडवा झाला की अर्धी शिफ्ट रस्त्यावर जाते. असाच एकदा पुणे-नाशिक रस्त्यावर आंबेठाण चौकात आमची बस तासभर अडकली. मी मोबाईल काढला. आदल्या दिवशी मुलीने विचारलं होतं, “पप्पा, मराठीत जादूगार आहेत का?” म्हणून शोधायला बसलो. पहिलंच नाव आलं: जादूगार रघुवीर. जन्म १९२४. गाव: आंबेठाण, चाकणजवळ.

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर बाणाची पाटी होती. आंबेठाण.

उतरून चहा घेतला आणि टपरीवाल्याला विचारलं. तो बीडचा. आठ महिन्यांपूर्वी आलेला. रांगेत उभा असलेला पोरगा बिहारचा, दुसरा लातूरचा. त्यांना काय माहीत असणार? मी इथे जन्मून मलाच माहीत नव्हतं. चाकणचा इतिहास म्हटला की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला, ती एक. आणि दुसरी, संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली बर्नची नोकरी सोडून शरद जोशी आले, आंबेठाणला जमीन घेऊन राहिले आणि चाकणच्या कांद्यापासून शेतकरी आंदोलन उभं राहिलं, ती. त्याच आंबेठाणातून त्यांच्या कितीतरी आधी एक पोरगा पुण्याला गेला आणि तिथून जगभर फिरला, हे तिसरं पान आपल्याकडून गळलं.

त्या पोराचं आडनाव भोपळे. घरची परिस्थिती बेताची. शिकायचं तर पुणं गाठायला हवं, आणि पुण्यात राहायचं कुठे? अशा मुलांसाठी १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं होतं. आज त्याला आपण पुणे विद्यार्थी गृह म्हणतो. छोटा रघुवीर तिथे दाखल झाला.

त्या काळात या संस्थेतली मुलं माधुकरी मागायची. हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला नसेल. माधुकरी म्हणजे शिकणाऱ्या मुलाने ठरलेल्या घरांच्या दारात उभं राहून शिजवलेलं अन्न मागायचं आणि मिळेल ते झोळीत घेऊन परत यायचं. भीक नाही, पण भिकेपासून फार लांबही नाही. मला वाटतं, अनोळखी दारासमोर उभं राहून आतल्या माणसाचा चेहरा वाचायचा, आज या घरात भांडण झालंय की सण आहे हे दोन सेकंदांत ओळखायचं, याहून कडक तालीम रंगमंचावर उभं राहणाऱ्या माणसाला मिळत नसेल.

पुढे राणा नावाच्या एका राजस्थानी जादूगाराकडे तो जादू शिकला. आणि रघुवीर भोपळे यांचे झाले जादूगार रघुवीर.

‘प्रोफेसर’ आणि ‘जादूगार’

या नावापाशी जरा थांबू.

रघुवीरांच्या आधीच्या पिढीत रंगमंचावर करामती दाखवणारा मराठी माणूस स्वतःला ‘प्रोफेसर’ म्हणवून घ्यायचा. सर्कशीचे विष्णुपंत छत्रे प्रोफेसर छत्रे होते. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये प्रोफेसर पाध्ये होते. हे युरोपातून आलेलं वळण. तिकडचे जादूगारही प्रोफेसर किंवा डॉक्टर लावायचे. त्यामागे एक सरळ हिशेब होता: मी रस्त्यावरचा मदारी नाही, मी शिकलेला माणूस आहे, आणि मी दाखवतो ते शास्त्र आहे.

कारण ‘जादूगार’ या शब्दाला रस्त्याची धूळ चिकटलेली होती. गारुडी, मदारी, डोंबारी, बहुरूपी: गावच्या चौकात डमरू वाजवून, चादर अंथरून, आपल्याच पोराला टोपलीत घालून त्यावर तलवार चालवणारी माणसं. त्यांची कला शेकडो वर्षांची. पेला आणि गोट्यांचा खेळ, टोपलीतला मुलगा, कोयीतून डोळ्यांदेखत उगवणारं आंब्याचं रोप हे सगळं युरोपी प्रवाशांनी इथे पाहिलं आणि तोंडात बोटं घातली. पण चादरीवर पडायची ती चिल्लरच.

आणि स्वातंत्र्यानंतर कायद्याने तर कमालच केली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं किंवा खेळ करून पैसे मागणं यालाही भीक ठरवलं. म्हणजे चौकात टोपलीतला मुलगा गायब करणारा माणूस कायद्याच्या नजरेत भिकारी. तोच खेळ त्याने नाट्यगृहात तिकीट लावून केला तर तो कलावंत. खेळ तोच, मधे फक्त तिकीटखिडकी आली.

या पार्श्वभूमीवर ‘जादूगार रघुवीर’ हे नाव पुन्हा वाचा. प्रोफेसर नाही, डॉक्टर नाही. माधुकरीच्या झोळीतून वर आलेल्या या माणसाने रस्त्यावरचाच शब्द उचलला, तो नावाच्या पुढे लावला आणि नाट्यगृहाच्या दारावर नेऊन टांगला. यामागे त्यांचा काय विचार होता हे मी सांगू शकत नाही. पण परिणाम समोर आहे. महाराष्ट्रात दोन पिढ्यांच्या तोंडी ‘जादूगार’ म्हटलं की पुढे ‘रघुवीर’ आपोआप येत असे. आडनाव गळून पडलं आणि नावच आडनाव झालं. त्यांचा मुलगा विजय रघुवीर, नातू जितेंद्र रघुवीर. दोघेही जादूगार. भोपळे कुठल्या कुठे गायब. ही त्यांची सगळ्यात लांब चाललेली जादू म्हणायला हवी.

उलटं वाचलेलं आडनाव

आडनावाची जादू त्यांच्याही आधी एका मराठी माणसाने केली होती. ‘फाळके’ हा शब्द शेवटाकडून वाचा. के, ळ, फा. प्रोफेसर केळफा!

होय, तेच. दादासाहेब फाळके. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफी, रंगकाम, छपाई असं बरंच काही करत होते, आणि त्यात रंगमंचावरची जादूही होती. बडोद्यात एका परदेशी जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करू लागले. पुढे सिनेमात आल्यावर त्यांनी ‘प्रोफेसर केळफाच्या जादू’ हा छोटा चित्रपटही केला. त्यात कॅमेऱ्यासमोर जादू करणारे स्वतः फाळकेच.

आपण शाळेत शिकतो की ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय सिनेमा सुरू झाला. पण त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी काय केलं होतं? एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा लावून रोज थोडी थोडी फ्रेम घेत, महिनाभराची वाढ मिनिटभरात दिसेल असं चित्र तयार केलं. ‘अंकुराची वाढ’. ते पाहूनच त्यांना भांडवल मिळालं. आता मदाऱ्याचं ते आंब्याचं रोप आठवा. चादरीखाली कोय, आणि बघता बघता झाड. फाळक्यांनी तोच खेळ केला, फक्त चादरीच्या जागी फिल्म आली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. सिनेमात माणसं गायब करणारा, चंद्रावर यान पाठवणारा फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस हाही मुळात जादूगार. त्याने १८८८ साली पॅरिसमधलं रोबेर-उदँ थिएटर विकत घेतलं होतं आणि तिथे तो जादूचे प्रयोग करत असे. ज्याच्या नावाचं ते थिएटर होतं त्या रोबेर-उदँला आधुनिक जादूचा जनक म्हणतात. जादूगाराने लांब झगा काढून साधा, चारचौघांसारखा पोशाख घालावा, हे वळण रुजवण्यात त्याचा मोठा हात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट.

मला हे वाक्य कळलं आणि मग रघुवीर कळले.

हात कमी, तोंड जास्त

आपण समजतो की जादू हाताची असते. शब्दच आहे, हातचलाखी. दुसरा शब्द नजरबंदी, म्हणजे जादू डोळ्यांवर होते. पण तुम्ही कधी चांगला जादूगार लक्ष देऊन ऐकला आहे का? पाहिला नाही, ऐकला?

भारतीय जादूगारांचा एक जुना खेळ आहे, जगभर ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणून ओळखला जाणारा. एक लोटा. सुरुवातीला जादूगार त्यातलं सगळं पाणी ओतून टाकतो. रिकामा. बाजूला ठेवतो, दुसरा खेळ सुरू करतो. मधेच आठवण झाल्यासारखं करून लोटा उचलतो, तर त्यातून पुन्हा पाणी! पुन्हा रिकामा. पुन्हा दुसरा खेळ. दर दहा मिनिटांनी हा लोटा भरतोच आहे. यात हाताची कसरत जवळजवळ नाही. आहे ती वेळेची जाण. लोट्याचा विसर पडल्याचा अभिनय जमला नाही, लोक लोटा खरोखर विसरायच्या आत हात तिकडे गेला, की खेळ मेला. प्रेक्षक हसतो तो पाण्याला नाही, जादूगाराच्या तोंडावरच्या त्या ‘अरेच्चा, अजून आहे का?’ला.

आणि ‘अरेच्चा’ कुठल्या भाषेत म्हणायचं?

इथे रघुवीरांचं मोठेपण आहे. त्यांच्या काळात भारतीय जादूचं जगभरातलं नाव म्हणजे पी. सी. सरकार. राजाचा पोशाख, फेटा, भव्य नेपथ्य, ‘इंद्रजाल’ नावाचा प्रचंड खेळ. १९५६ साली बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला करवतीने कापलं आणि कार्यक्रमाची वेळ संपल्याने निवेदकाने तिथेच आवरतं घेतलं. ती मुलगी मेलीच असं समजून लोकांनी बीबीसीला फोन करकरून भंडावलं. सरकारांची जादू डोळ्यांना बोलायची. ती कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत चालायची. रघुवीरही देशोदेशी गेलेच. २७ देशांत त्यांनी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’ नावाचं पुस्तक लिहिलं. पण घरी, महाराष्ट्रात, ते मराठीतून जादू करायचे. समोर बसलेली आजी, शेजारचा शाळकरी पोरगा आणि मागच्या रांगेतला कामगार, तिघांना एकाच वेळी कळेल अशा भाषेत. मराठी नाटकाच्या घरात बोलण्यावर जीव टाकणारा प्रेक्षक असतो, त्या प्रेक्षकासमोर.

शब्दांवर जादू तोलून धरण्याची ही ताकद आपल्याकडे आणखी एका घराने दाखवली. वर प्रोफेसर पाध्ये आले, त्यांचा ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला तीन-चार पिढ्यांनी पाहिला. त्यांच्यानंतर मुलगा रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून तो चालवला. आणि त्याच रामदास पाध्यांच्या हातून १९९३ साली ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आला. ज्याच्या मीम्स तुम्ही कालच कुठल्या तरी ग्रुपवर फॉरवर्ड केल्या असतील, तो बाहुला या परंपरेचा नातू आहे.

रघुवीरांचा रंगमंचाबाहेरचा एक गाजलेला प्रयोग म्हणजे डोळे घट्ट बांधून भर रहदारीतून मोटारसायकल चालवणं. आज जिथे रोज हजारो गाड्या बनतात त्या चाकणच्या मातीतला माणूस, डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी चालवत होता! ते कसं करायचे हे मी सांगणार नाही. हेल्मेटशिवायही करू नका आणि पट्टी बांधून तर अजिबातच नका. पण या प्रयोगाकडे नाटक म्हणून बघा. माणूस दिसत नसतानाही चाललाय, आणि तो आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवतोय की मला दिसत नाही. रंगमंचावरचा अंध नट आणि हा यात फरक इतकाच, की इथे रस्ता खरा आहे.

गुपित कोणाचं?

आता माझ्या नारळाकडे येतो.

शाळेत ते कार्यकर्ते आले तेव्हा मला एक प्रश्न पडला होता आणि तो विचारायचं धाडस झालं नव्हतं. तुम्ही नारळाचं गुपित सांगितलंत. मग टोपीतून ससा काढणाऱ्याचं का नाही सांगत?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केली. गावोगाव जाऊन बाबांचे चमत्कार करून दाखवायचे आणि त्यामागचं कारण सांगायचं, हा तिच्या कामाचा एक ठळक भाग. पेटणारा नारळ, पाण्यावर जळणारा दिवा, उकळत्या तेलात हात. या कामाचे गुरू अनेकदा जादूगारच होते. केरळचे बी. प्रेमानंद स्वतः जादूगार होते आणि भारतभर फिरून बाबांचे प्रयोग उघडे करत होते. अमेरिकेत १९२० च्या दशकात आत्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांच्या मागे हात धुऊन लागला तो हॅरी हुदिनी, त्या काळचा सगळ्यात मोठा जादूगार. चोर ओळखायला चोराची वाट माहीत असलेला माणूस लागतो.

पण चळवळीने मनोरंजन करणाऱ्या जादूगाराला शत्रू मानलं नाही. आणि कायद्यानेही हा फरक ठेवला. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जो कायदा केला, त्याच्या लांबलचक नावात शब्द आहे ‘जादूटोणा’. जादू नव्हे, जादूटोणा. एका ‘टोण्या’ने केवढा फरक पडतो बघा. चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, दहशत घालणं, पैसे उकळणं हा गुन्हा. तिकीट काढून बसलेल्या लोकांसमोर चमत्कार दाखवणं ही कला.

तंत्र दोघांचं एकच असू शकतं. सोडियम दोघांच्या नारळात सारखंच पेटतं. मग फरक कुठे आहे? बसमध्ये, आंबेठाण चौकात, रघुवीरांबद्दल वाचताना मला तो दिसू लागला. फरक तिकिटात आहे. तिकीट म्हणजे करार. त्यावर छापलेलं असो वा नसो, जादूगार सांगत असतो: पुढचे दोन तास मी तुम्हाला फसवणार आहे, तुमच्या परवानगीने, आणि बाहेर पडाल तेव्हा तुमच्या खिशात जे होतं ते खिशात असेल. बाबा हा करार करत नाही. तोही नटच, बऱ्याचदा चांगला नट. पण आपण नट आहोत हे तो कबूल करत नाही.

रघुवीर १९८४ साली गेले. तेव्हा टीव्ही नुकता रंगीत झाला होता. आज तुम्ही कुठल्याही जादूचं नाव टाका, अर्ध्या मिनिटात तिचं गुपित उघडं करणारा व्हिडिओ समोर येतो. गुपितं स्वस्त झाली. पण गंमत पाहा, बाबांचा धंदा काही बसला नाही. उलट त्यांचेही चॅनल आहेत. म्हणजे आपण गुपित न कळल्यामुळे फसतो, हे माझं शाळेपासूनचं गणित कुठेतरी चुकत होतं.

अंगठी

गेल्या वर्षी चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात जादूचा प्रयोग होता. मुलीसाठी तिकिटं काढली. दादा जाऊन आता सहा वर्षं झाली, आई घरात एकटीच असते, म्हणून तिलाही नेलं. ती नको नको म्हणत होती. “मला काय त्यात?” पण आली.

मध्यंतरानंतर जादूगार खाली प्रेक्षकांत उतरला. तरुण होता, तिशीचा. आमच्या रांगेपाशी येऊन आईसमोर वाकला. “आजी, तुमची अंगठी द्याल का थोडा वेळ? परत देईन, ह्या सगळ्यांसमोर सांगतो.”

मी आईकडे पाहिलं. तिच्या बोटात एकच अंगठी आहे, दादांनी रिटायर झाल्यावर केलेली. तिने मूठ मिटली. क्षणभर सगळं थिएटर हसलं, तिला लाजवायला नाही, प्रेमानेच. जादूगार हसला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला. “नको असेल तर राहू द्या, आजी.”

आईने अंगठी काढून दिली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. अंगठी रुमालात गेली, रुमालातून गेली. जादूगार घाबरल्याचं सोंग करत खिसे चाचपू लागला. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहिली. आई मात्र ताठ बसून होती आणि तिची नजर त्या माणसाच्या हातावरून हलत नव्हती. मग टोपलीतून एक लिंबू आलं, एका मुलाने ते सुरीने कापलं आणि आत अंगठी. जादूगाराने ती धुतली, पुसली आणि स्वतः खाली येऊन आईच्या तळहातावर ठेवली. आई हसली. मी तिला इतकं मोठ्याने हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

परतताना रिक्षात मुलगी झोपली. डांगे चौकाजवळ सिग्नलला थांबलो असताना मी हळूच म्हटलं, “आई, नारळ आठवतो का गं?”

“आठवतो की.”

“तेव्हा मी तुला सोडियमचं सांगितलं होतं. तू नुसतं बरं म्हणालीस.”

ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, “तुला वाटलं, नारळ पेटला म्हणून मी पाटल्या दिल्या. नारळ पेटला काय नि नाही काय. तो म्हणाला, तीन महिन्यांत हात उचलतील. तसं दुसरं कुणी म्हणत नव्हतं रे. म्हणून दिल्या.”

सिग्नल सुटला. तिने अंगठी बोटात फिरवून नीट बसवली.

“हा पोरगा बरा,” ती म्हणाली. “ह्याने आधीच सांगितलं.”